पुष्पकचा सरळ पंख आणि डोंबिवलीचे फोमचे विमान

१/
थ्रेड : ठाणे, कल्याण वा डोंबिवलीत जो कोणी आपले पहिलेवहिले फोमचे विमान कापायला बसतो, त्याच्यापुढे मोटर, बॅटरी आणि रिमोट यांच्या आधी एक प्रश्न उभा राहतो. पंख कोणत्या आकाराचा कापावा? टोकाकडे निमुळता, लंबवर्तुळाकार, मागे झुकलेला, त्रिकोणी, की शाळेतल्या पट्टीसारखा सरळ आयत? या प्रश्नाला दोन शतकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या एका मराठी माणसाच्या नावावर आहे.

२/
आधी मोहाविषयी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ, मलंगगडाच्या वाटेवरील नेवाळी परिसरात शेतजमिनी घेऊन धावपट्टी बांधली. ती जमीन पुढे नौदलाकडे आली आणि तिच्या मालकीवरून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे उग्र आंदोलन झाले, हे अनेकांना आठवत असेल. महायुद्धातली विमाने म्हटली की डोळ्यांपुढे पहिल्यांदा उभे राहते ते स्पिटफायर आणि त्याचा देखणा लंबवर्तुळाकार पंख. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या सहलीत एचएफ-२४ मरुत पाहून आलेल्या मुलाला मागे झुकलेले पंख हवे असतात. तेजसचे चित्र भिंतीवर लावणाऱ्याला त्रिकोण हवा असतो. पहिल्या विमानासाठी हे तिन्ही पर्याय अडचणीचे आहेत. कारणे मात्र तिघांची वेगवेगळी आहेत, आणि इतिहासात शिरल्याखेरीज ती नीट उमगत नाहीत.

३/
स्थिर पंखाचे पहिले यशस्वी मॉडेल १८०४ सालचे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे जमीनदार सर जॉर्ज केली यांनी सुमारे दीड मीटर लांबीच्या काठीवर एक पतंग किंचित तिरका बसवला, मागे हलवता येईल अशी शेपटी जोडली आणि ते टेकडीवरून सोडून दिले. विमानाच्या इतिहासातला पहिला खरा पंख हा संक्रांतीला उडवतात त्या जातीचा कागदी पतंग होता! पक्ष्यासारखे पंख फडफडवण्याचा नाद केलींनी सोडला होता. उचल देण्याचे काम पंखाचे, पुढे ढकलण्याचे काम दुसऱ्या कशाचे तरी, ही विभागणी त्यांनी १७९९ सालीच चांदीच्या एका चकतीवर कोरून ठेवली होती.

४/
१८०९-१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात केलींनी आणखी एक गोष्ट मांडली. पंखांची दोन्ही टोके किंचित वर उचललेली असतील, म्हणजे समोरून पाहता पंख उथळ ‘व्ही’सारखा दिसत असेल, तर एका बाजूला कललेले विमान आपोआप सरळ होऊ पाहते. कललेले विमान त्या बाजूला घसरू लागते. घसरताना खालच्या पंखाला हवा अधिक कोनातून भेटते, त्याची उचल वाढते आणि तो वर येतो. नवशिक्याचे विमान ज्या एका गुणावर तगते तो गुण हा. आजचे मॉडेलकार त्याला डायहेड्रल म्हणतात.

५/
ही कल्पना हवेत उतरवून दाखवणारा तरुण फ्रेंच होता. अल्फोन्स पेनो. नितंबाच्या सांध्याच्या आजारामुळे नौदलाची वाट बंद झालेल्या या मुलाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलेरी बागेत जाणकारांसमोर आपले ‘प्लॅनोफोर’ उडवले. पंखांचा विस्तार जेमतेम ४५ सेंटिमीटर, वजन १६ ग्रॅम, इंजिनाच्या जागी पीळ दिलेले रबर. पंखांची टोके वर वळवलेली, शेपटी पंखापेक्षा किंचित उणे कोनात बसवलेली. ते ११ सेकंदांत सुमारे ६० मीटर गेले, आणि तेही कोणी न चालवता. पेनो त्या वेळी २१ वर्षांचा होता. तिसाव्या वर्षी तो गेला.

६/
या ६० मीटरच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि ३६.५ मीटरचे होते. अर्थात त्यात माणूस होता, त्यामुळे तुलना सरळसोट नाही. पण पंखाच्या दृष्टीने ती फार बोलकी आहे. राइटांच्या विमानाच्या पंखांची टोके वर उचललेली नव्हती, उलट किंचित खाली झुकलेली होती. वाऱ्याच्या झोतांनी विमान लोळू नये म्हणून त्यांनी जाणूनबुजून तसे केले. त्याची किंमत अशी, की विमान स्वतःहून कधीच सरळ होत नसे. चालकाने क्षणभर दुर्लक्ष केले की संपले. सायकलचे कारागीर असलेल्या त्या दोघांना तोल सतत सांभाळत राहणे स्वाभाविक वाटले. ज्याने रिमोट पहिल्यांदा हातात घेतला आहे, त्याने पेनोची वाट धरावी. राइटांची नाही.

७/
राइटांकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. १९०१ च्या शरद ऋतूत त्यांनी डेटनच्या दुकानात लाकडी पेटीचा वातबोगदा बनवला आणि पत्र्याचे सुमारे दोनशे छोटे पंख त्यात तपासले. निष्कर्ष असा : सारख्याच क्षेत्रफळाचा पंख आखूड व रुंद असण्यापेक्षा लांब व अरुंद असेल तर कमी रोधात अधिक उचल देतो. १९०१ चे त्यांचे ग्लायडर २२ फूट लांब आणि ७ फूट रुंद पंखांचे होते. १९०२ चे ३२ फूट आणि ५ फूट. लांबी-रुंदीचे गुणोत्तर तीनवरून सहावर गेले आणि ग्लायडर उत्तम तरंगू लागले. पाच-सहा हे गुणोत्तर नवशिक्याच्या फोमच्या विमानालाही आजतागायत मानवते.

८/
इथे काही वाचक शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव काढतील, आणि ते योग्यच आहे. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांचे ‘मरुत्सखा’ उडाले, अशी आख्यायिका महाराष्ट्रात घट्ट रुजली आहे. त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा मात्र पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी ही कथा जोडली जाते, तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितला व लिहिला गेला. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी त्यातील विमानांचे आराखडे गणिताने तपासले आणि ती उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. त्यांतल्या ‘शकुन’ विमानाला पक्ष्यासारखे पंखही दाखवलेले आहेत. पंखाच्या बाबतीत श्रद्धेचे फारसे चालत नाही. आकार कापावा, फेकावा आणि पाहावे.

९/
त्याच भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख होते डॉ. विष्णु माधव घाटगे. जन्म १९०८, गाव कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू. तळपद्यांविषयी ज्याला माहिती आहे त्याला घाटग्यांचे नाव ठाऊक नसणे, ही मराठी माणसाच्या इतिहासप्रेमातली एक चुटपुट लावणारी उणीव आहे.

१०/
घाटगे शिकले कोणाकडे? जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात, लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक. पंखाचा आकार हा विषय अंदाजातून काढून समीकरणांत आणला तो त्यांनीच.

११/
प्रांटल यांचा पंखाचा सिद्धान्त १९१८-१९ चा. त्याचा गाभा साध्या शब्दांत सांगता येतो. पंखाखाली हवेचा दाब अधिक, वर कमी. टोकाशी खालची हवा वळसा घालून वर येऊ पाहते, आणि पंखामागे दोन भोवरे सुटतात. हे भोवरे फिरवत ठेवण्यात ऊर्जा खर्च होते व ती रोधाच्या रूपाने विमानाकडून वसूल होते. उचल मधोमध सर्वाधिक आणि टोकांकडे लंबवर्तुळाच्या रेषेत कमी कमी होत गेली, तर हा खर्च सर्वांत कमी. म्हणजे कागदावर लंबवर्तुळाकार पंख हा आदर्श ठरला. मार्च १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या स्पिटफायरचा पंख याच आकृतीचा.

१२/
आता गंमत पाहावी. प्रत्यक्ष प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले घाटगे भारतात परतले आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानांचे आराखडे करू लागले. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडाले. स्वतंत्र भारताने स्वतः आखून उत्पादनात आणलेले हे पहिले विमान. ते सैनिकी वैमानिकांसाठी होते. पंख खालच्या बाजूला आणि टोकांकडे निमुळते. त्यानंतर फ्लाइंग क्लबांसाठी, म्हणजे ज्याने कधी विमानाला हात लावलेला नाही अशा हौशी माणसासाठी, एक विमान हवे होते. ते २८ सप्टेंबर १९५८ रोजी उडाले. नाव पुष्पक.

१३/
पुष्पकच्या पंखात लंबवर्तुळाचा मागमूस नाही. तो वरच्या बाजूला, केबिनच्या छपराशी बसवलेला, दोन्हीकडून तिरक्या दांड्यांचा आधार दिलेला आणि मुळापासून जवळजवळ टोकापर्यंत एकाच रुंदीचा. टोके तेवढी गोलसर. ९० अश्वशक्तीचे इंजिन, शेजारी शेजारी दोन आसने, कापडाचे आवरण. अमेरिकेच्या एरोन्का चीफ या विमानाशी त्याचे साधर्म्य उघड आहे आणि ते लपवण्याचे कारणही नाही. दीडशेहून अधिक पुष्पके बांधली गेली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत दोन पिढ्यांनी त्यांवर उडण्याचा श्रीगणेशा केला.

१४/
आदर्श आकार ठाऊक असलेल्यांनी साधा आयत का पत्करला? ‘स्वस्त पडतो म्हणून’ हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. आयताकृती पंखातल्या सगळ्या फासळ्या सारख्या. एक साचा केला की काम झाले. लखनौच्या क्लबात मोडलेली फासळी तिथल्या तिथे दुरुस्त करता येईल. शिवाय गणिताने पाहता तोटाही किरकोळ आहे. लांबी-रुंदीचे गुणोत्तर सहा असेल तर टोकांच्या भोवऱ्यांमुळे होणारा रोध आयतात लंबवर्तुळापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी जास्त, इतकेच.

१५/
उरलेले अर्धे उत्तर अधिक मोलाचे आहे. विमान फार हळू झाले किंवा नाक फार वर गेले, की पंखाच्या पाठीवरून चिकटून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकाएकी कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. प्रश्न असा, की ही हवा आधी कुठे सुटते?

आयताकृती पंखात ती आधी मुळाशी, म्हणजे धडाजवळ सुटते. टोके अजून काम करत असतात. विमान थरथरते, नाक हलकेच खाली घालते, वेग घेते आणि सावरते. चालकाला इशाराही मिळतो आणि अवधीही.

टोकाकडे फार निमुळत्या पंखात उलटे घडते. इवल्याशा टोकावर त्याच्या मानाने भार अधिक पडतो, आणि हवा आधी तिथेच सुटते. दोन्ही टोके एकाच क्षणी कधी सुटत नाहीत. एक पंख खचकन खाली जातो, विमान गिरकी घेऊन जमिनीकडे येते. पाच-दहा मीटर उंचीवर उडणाऱ्या फोमच्या विमानाला तेवढ्यात सावरायला जागाच नसते.

लंबवर्तुळ या दोहोंच्या मध्ये बसते. तिथे हवा जवळजवळ सर्व पंखावर एकदम सुटू पाहते, म्हणजे इशारा नाही.

१६/
मग स्पिटफायरचे काय? त्याच्या रचनाकारांना हा धोका पुरेपूर माहीत होता. त्यांनी पंखाला पीळ दिला : मुळाशी अधिक दोन अंश, टोकाशी उणे अर्धा अंश. त्यामुळे टोक मुळाच्या मागून स्टॉल होई आणि वैमानिकाला आधी थरथर जाणवे. शिवाय पातळ पंखात तोफा आणि चाके मावावीत, हेही त्या आकाराचे एक कारण होते. असा पंख बनवणे अतिशय जिकिरीचे काम होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोम कापणाऱ्याने अडीच अंशांचा अचूक पीळ देण्याच्या भरीस पडू नये. आणि त्याच्या विमानात तोफाही बसवायच्या नसतात.

१७/
मरुतचे मागे झुकलेले पंख ही आणखी वेगळी कथा आहे. १९३५ साली रोममधील परिषदेत जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ बुझेमान यांनी दाखवून दिले, की ध्वनीच्या वेगाच्या आसपास पंख मागे झुकवल्यास रोधाची वाढ लांबवता येते. जर्मन रचनाकार कुर्ट टांक यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टसाठी आखलेले मरुत जून १९६१ मध्ये उडाले, ते हा धडा घेऊनच. पण फोमच्या विमानाचा वेग लोकलपेक्षाही कमी. ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,२०० किलोमीटर, आणि हे बिचारे ताशी २५ किलोमीटरने जाणार. पंख झुकवण्याचा फायदा शून्य, आणि टोकाला आधी स्टॉल होण्याची खोड तेवढी पदरात.

त्रिकोणी पंख त्यामानाने परवडतो. तो चिवट असतो आणि चटकन मोडत नाही. पण आकाशात तो येतो आहे की जातो आहे हेच नवख्याला कळेनासे होते. ते दुसरे विमान असू द्यावे.

१८/
पंख वर की खाली? पुष्पकचे उत्तर ‘वर’. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, ते पस मॉथही वरच्या पंखाचेच विमान होते. वरचा पंख बाजूला घसरणाऱ्या विमानाला सरळ करण्यात थोडी भर घालतो. मॉडेलच्या बाबतीत आणखी एक सोय : पोटावर उतरताना पंख गवतात अडकत नाही. फोमचा पंख रबरबँडने धडावर बांधला की आपटल्यावर मोडण्याऐवजी निसटतो.

१९/
इथवरचा इतिहास मोठ्या विमानांचा. पण लहान पंख म्हणजे मोठ्या पंखाची धाकटी प्रत असते का? नसते. हे उमगायला विसाव्या शतकाचे चौथे दशक उजाडावे लागले.

१८८३ साली मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी नळीतून वाहणाऱ्या पाण्यावर प्रयोग केले. वेग, आकार आणि द्रवाचा चिकटपणा यांच्या गुणोत्तरावरून प्रवाह शांत राहील की खळबळेल हे ठरते, असे त्यांना दिसले. त्या गुणोत्तराला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. प्रवासी विमानाच्या पंखासाठी तो कोटींच्या घरात जातो. १६ सेंटिमीटर रुंद आणि ताशी २३-२५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या फोमच्या पंखासाठी तो साठ-सत्तर हजार भरतो. इतक्या कमी अंकावर हवा जणू दाट आणि आळशी होते. जाड, गुबगुबीत पंखाच्या पाठीवरून ती वळणच घेत नाही. मध्येच सुटून जाते.

२०/
जर्मन संशोधक एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांनी वातबोगद्यात नेमके हेच तपासले आणि १९४२ साली मॉडेल विमानांच्या वायुगतिशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्यांनी जाड एअरफॉईल, सपाट पातळ फळी आणि किंचित वाकवलेली पातळ फळी एकमेकांशी ताडून पाहिल्या. कमी रेनॉल्ड्स अंकावर खऱ्या विमानांचा जाड एअरफॉईल साफ हरला आणि वाकवलेली पातळ फळी जिंकली. साधी सपाट फळीसुद्धा त्याच्या पुढे गेली!

१९२२ सालचा क्लार्क वाय हा सपाट पोटाचा एअरफॉईल मॉडेलकारांचा आवडता. लिंडबर्ग यांच्या १९२७ च्या अटलांटिकपार विमानालाही तोच होता. मोठ्या मॉडेलना तो छान जमतो. छोट्या पंखात मात्र पातळपणालाच मोल.

टोकाकडे निमुळता पंख छोट्या विमानात दुहेरी का फसतो, तेही इथे कळते. टोकाची रुंदी निम्मी केली की तिथला रेनॉल्ड्स अंकही निम्मा होतो, आणि आधीच दुबळे असलेले टोक आणखी दुबळे पडते.

२१/
फोमच्या पंखाच्या इतिहासात एक जाहिरातवालाही आहे. न्यूयॉर्कच्या रिचर्ड क्लाइन या कलादिग्दर्शकाने आपल्या मुलासाठी कागदी विमान दुमडताना पंखात एक पायरी सोडली. विमान वाऱ्यात तोल राखून उडाले. मित्र फ्लॉइड फोगलमन याच्यासह त्याने १९७२ मध्ये त्या पंखाचे पेटंट मिळवले. १९७३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याची दखल घेतली. क्रांतीच्या घोषणा झाल्या. वातबोगद्यातल्या चाचण्यांत मात्र उचल आणि रोध यांचे प्रमाण सामान्य पंखाहून वाईट निघाले, आणि मोठ्या विमानांच्या जगाने ती पायरी विसरून टाकली.

तीन दशकांनी फोमच्या विमानवाल्यांनी ती उकरून काढली. त्यांच्यासाठी तिचा खरा गुण वेगळाच होता : पंखाच्या पुढच्या निम्म्या भागावर फोमची दुसरी पट्टी चिकटवली की पायरी तयार. वातबोगद्याचे मत काहीही असो, पंख ताठ होतो, पुढची कड जाडसर व गोल करता येते, आणि घासकाम, साचा, काही लागत नाही. क्लाइनचा दावा फुगवलेला होता, पण पट्टी उपयोगी आहे.

२२/
साहित्याचा इतिहास तर घरचाच आहे. ठाणे-डोंबिवलीत गणपतीची थर्माकोलची मखरे करणारे कारागीर तापवलेल्या तारेने कमानी, खांब आणि महिरपी कापत. तीच तार पंख कापते. २३ मार्च २०१८ च्या राज्य शासनाच्या बंदीत सजावटीचे थर्माकोल आले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही मखरांसाठी सूट नाकारली. आज मॉडेलकार डेप्रॉनसारखा पातळ फोम, सनबोर्ड किंवा आपटून न तुटणारा ईपीपी फोम वापरतात. थर्माकोल हाताशी असलाच तर त्याला पेट्रोलसारख्या वासाचा गोंद लावू नये, तो विरघळतो. पांढरा फेविकॉल चालतो.

२३/
आता दोनशे वर्षे मापांत उतरवून पाहू. विस्तार ९० सेंटिमीटर, रुंदी १६. म्हणजे गुणोत्तर साडेपाचच्या आसपास, राइटांच्या १९०२ च्या ग्लायडरजवळ. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा फोम, पुढच्या निम्म्या भागावर दुसरी पट्टी. प्रत्येक टोक मधल्यापेक्षा सुमारे चार सेंटिमीटर उचललेले. हा होतो पाच अंशांचा डायहेड्रल, केली आणि पेनो यांच्या नावाचा. मधोमध आडवी, आकाशकंदिलाला वापरतात तशी बांबूची मजबूत कामटी. पंख धडाच्या वर.

आणि वजन! पंखाच्या आकाराइतकेच त्याचे महत्त्व आहे. सगळे मिळून ३५० ग्रॅम असेल तर हे विमान ताशी सुमारे २३ किलोमीटरपर्यंत हळू उडू शकते. मोठी बॅटरी, जाड तारा, वरून रंगाचे तीन हात असे करत ७०० ग्रॅमवर नेले, तर किमान वेग ३२ च्या पुढे जातो. नवख्या बोटांना हा फरक झेपत नाही. पंख उत्तम असूनही विमान पडते आणि दोष आकाराला मिळतो.

२४/
उडवायचे कुठे, हा या पट्ट्यातला अवघड प्रश्न. नेवाळीच्या जुन्या धावपट्टीचा विचारही करू नये. ती नौदलाची जागा आहे. ठाण्यात कोलशेत आणि येऊर येथे हवाई दलाची ठाणी आहेत, तीही टाळावीत. आधी शासनाचा डिजिटल स्काय नकाशा पाहावा. शहरातली मैदाने क्रिकेटने भरलेली असतात. भातकापणी झाली की कल्याण ग्रामीणमधली शेते मोकळी होतात. मालकाला विचारून तिथे जावे, आणि सकाळी लवकर जावे. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो, आणि ताशी २३ किलोमीटरच्या विमानाला ताशी २० चा वारा म्हणजे जागच्या जागी उभे राहणे.

२५/
मोटर लावण्याआधी पेनोची चाचणी घ्यावी. पंखाच्या पुढच्या कडेपासून चार-पाच सेंटिमीटर मागे दोन बोटांवर विमान तोलून पाहावे. आडवे राहिले पाहिजे. मग उंच गवतावर, वाऱ्याकडे तोंड करून, खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून हलकेच पुढे सोडावे. जोराने फेकू नये. नाक वर करून थबकले तर पुढे थोडे वजन वाढवावे, दगडासारखे खाली गेले तर काढावे. दहा-बारा पावले सरळ तरंगत जाऊन पोटावर टेकले, की मोटर जोडायला हरकत नाही.